सकाळी पदवी, संध्याकाळी सामना

वाचनालयातल्या वादांत मी पडत नाही, हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. परंतु गेल्या मंगळवारी मला राहवले नाही. अमेरिकेत शिकणाऱ्या आपल्या नातवाचा एक सहाध्यायी बास्केटबॉलमध्ये निष्णात असून, धंदेवाईक संघाच्या करारनाम्यावर सही करावी की पदवी पदरात पडेपर्यंत विद्यापीठातच राहावे या विवंचनेत तो आहे, असे सांगून एका सद्गृहस्थांनी लागलीच निवाडाही देऊन टाकला. ‘‘पैसा घ्यावा आणि पदवीचे नाव काढू नये. दोन्ही डगरींवर हात ठेवला म्हणजे काय होते, ते त्या व्हिन्स कार्टरला विचारा!’’ बैठकीने माना डोलावल्या. मला त्या माना पाहून क्लेश झाले.

कार्टरकडे वळण्यापूर्वी या निवडीमागच्या कायद्याची हकिकत थोडक्यात अशी. शालेय शिक्षण संपून चार वर्षे लोटल्याखेरीज एनबीए या अमेरिकेतल्या धंदेवाईक बास्केटबॉल संघटनेत प्रवेश नाही, हा दंडक स्पेन्सर हेवूड या खेळाडूच्या फिर्यादीने 1971 मध्ये ढासळला. 2005 मध्ये एनबीए आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या करारात किमान वय 19 ठरले. आणि जुलै 2021 पासून महाविद्यालयीन खेळाडूला स्वतःच्या नावावर पैसा मिळवण्याची मुभा मिळाली.

आता कार्टर. उत्तर कॅरोलिना विद्यापीठात तीन वर्षे खेळून 1998 मध्ये तो धंदेवाईक झाला, तो पदवी पुरी करीन असा शब्द आईला देऊन. आणि ती आई शिक्षिका होती. राहिलेले विषय त्याने पुरे केले आणि 20 मे 2001 च्या सकाळी विद्यापीठाच्या गावी, चॅपल हिल येथे, झगा घालून तो पदवीदानाला उभा राहिला. त्याच दिवशी फिलाडेल्फियात त्याच्या टोरोंटो संघाचा सातवा, निर्णायक सामना होता. विमानाने तो वेळेवर पोचला, 20 गुण मिळवले, आणि अखेरच्या क्षणी त्याने फेकलेला चेंडू कड्यावर आपटून बाहेर पडला; 88-87, एका गुणाने पराभव. तेव्हापासून आजतागायत त्या एका गुणाचा हिशेब त्या सकाळच्या झग्याच्या नावे मांडला जातो. त्याच मालिकेतल्या तिसऱ्या सामन्यात त्याने 50 गुण केले होते, हे बोलून दाखवायला कुणी तयार नाही. मुलाने शब्द पाळला याची नोंद आपण खर्चाच्या बाजूला करावी, इतके आपण कधीपासून कृपण झालो?

टिम डंकनची गोष्ट मला याहूनही जवळची वाटते. सेंट क्रॉय बेटावरचा हा मुलगा, आई सुईण. त्याच्या चौदाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी कर्करोगाने ती गेली, आणि पदवी घेण्याचे तिला दिलेले वचन त्याच्यापाशी राहिले. वेक फॉरेस्ट विद्यापीठात दुसऱ्या वर्षानंतरच त्याच्यासाठी धंदेवाईक खेळाचे दार उघडे होते, तिसऱ्यानंतरही होते. तो चारही वर्षे राहिला, 1997 मध्ये मानसशास्त्राची पदवी घेतली, आणि मगच सॅन अँटोनियोच्या संघात रुजू होऊन पुढे पाच अजिंक्यपदे मिळवली. कार्टरची आई हयात होती, तिच्याकडे मुदत मागता आली; डंकनने ती कुणाकडे मागावी?

हे लिहिताना माझ्या एका विद्यार्थ्याची आई डोळ्यांसमोरून हलत नाही. मुलगा वाणिज्याच्या दुसऱ्या वर्षाला, महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघाचा कणा. क्रीडा कोट्यातून नोकरीचा हुकूम आला, पंधरा दिवसांत रुजू होण्याचा. वडिलांच्या नावे सोसायटीचे कर्ज थकलेले. पहाटे मंडईत जाण्यापूर्वी ती माउली माझ्या दारात आली, मेथीच्या जुडीला गुंडाळलेला तो हुकूम सोडवून तिने माझ्या हाती दिला आणि म्हणाली, ‘‘सर, ह्याला जाऊ दे म्हणा. पण शिक्षण मोडलं असं नका म्हणू.’’ मी त्याला जा म्हणालो, आणि तो सल्ला आजही मला योग्यच वाटतो. पण त्यानंतर कित्येक वर्षे मंडईतून जाताना तिच्या ओट्याकडे मान वर करून पाहणे मला जड जाई, कारण ती दर वेळी विचारी, ‘‘फॉर्म भरला का हो त्यानं?’’

त्याने फॉर्म भरला, दोनदा नापासही झाला. अखेर एका दिवाळीत मायलेक दोघेही घरी आले. गुणपत्रिका प्लॅस्टिकच्या पिशवीत होती. मी कौतुकाने गुणांचे आकडे वाचू लागलो, तेव्हा तिने मला थांबवले आणि ‘आईचे नाव’ या रकान्यावर बोट ठेवून, दुसरीपर्यंतच्या शिक्षणाच्या बळावर, स्वतःचे नाव एकेक अक्षर जोडीत वाचले.

‘‘बारा वर्षं लावलीस की रं,’’ ती मुलाला म्हणाली. पण बोट तिने तिथून उचलले नाही.