झाडलोटीचा भ्रम

‘जावा किंवा पायथन या भाषांत लिहावयाचें असलें म्हणजे मागची साफसफाई आपण करावयाची नसते; ती यंत्र आपोआप करतें.’ संगणकविद्या शिकविणाऱ्या वर्गांतून आणि त्या विद्येवरील सोप्या पुस्तकांतून हें वाक्य आज इतक्या निःशंकपणें उच्चारिलें जातें कीं, कोणी त्यावर शंका घेतलीच तर तो जुन्या मताचा म्हणून हंसण्यावारी नेला जातो. आमचें म्हणणें असें कीं, हें वाक्य अर्धें खरें आहे, आणि त्यांतलें जें अर्धें खोटें आहे तेंच विद्यार्थ्याच्या मनांत अधिक पक्कें बसतें.

खऱ्या अर्ध्याचा मान प्रथम त्यास देऊं. प्रोग्राम चालत असतांना मेमरींत क्षणोक्षणीं नव्या वस्तु निर्माण होतात व त्यांचें काम संपतें. सी सारख्या भाषेंत त्यांनीं अडविलेली जागा परत करण्याचें काम लिहिणाराकडे असतें. तो विसरला तर जागा अडून राहते. आणि घाईनें आधींच परत करून बसला तर दुसऱ्यास दिलेल्या जागेंत पहिल्याचा हात शिरतो. असल्या चुका किती महाग पडतात हें मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनीं २०१९ सालीं सांगितलेल्या हिशेबावरून कळतें: त्या कंपनीनें दरसाल दुरुस्त केलेल्या सुरक्षिततेच्या दोषांपैकीं सुमारें ७० टक्के दोष मेमरीच्या गैरवापरांतून उद्भवलेले होते. जॉन मॅकार्थी यांनीं लिस्प भाषेवरील आपल्या १९६० सालच्या निबंधांत हें ओझें माणसाच्या डोक्यावरून उतरवून यंत्राच्या डोक्यावर ठेवण्याची युक्ति मांडली. तीच पुढें गार्बेज कलेक्शन या नांवानें सर्वत्र पसरली. तिचे उपकार आम्ही नाकारीत नाहीं.

पण युक्ति काय आहे तें नीट पाहावें. चालू प्रोग्रामच्या हातीं जीं नांवें असतात तेथून यंत्र निघतें. एका वस्तूनें दुसरीचा संदर्भ धरला असेल तर त्या वाटेनें पुढें जातें. आणि अशा रीतीनें जेथवर पोंचतां येईल तेवढें सर्व जिवंत समजतें. उरेल तो केर. म्हणजे ‘ही वस्तु आतां कोणाच्या उपयोगाची आहे काय?’ असें यंत्र कधींच विचारीत नाहीं. ‘हिचें नांव अद्याप कोणी धरून आहे काय?’ एवढेंच तें विचारतें, आणि सगळा घोटाळा या दोन प्रश्नांमधल्या अंतरांत आहे.

हें अंतर वाचकांच्या डोळ्यांपुढें उभें राहावें म्हणून डहाणू तालुक्यांतील चिंचणी गांवीं १९५५ सालीं सांपडलेल्या ताम्रपटांचा दाखला घेतों. त्यांतील एक राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या कारकीर्दींतला, शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा आहे. संयान, म्हणजे आजचें संजाण, येथें राष्ट्रकूटांच्या वतीनें मधुमति नांवाचा ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी कारभार पाहत होता. त्याच्या संमतीनें एका मठिकेला जमीन दिली गेली, अशी त्यांत हकीकत आहे. (मुसलमान अधिकाऱ्याच्या संमतीनें देवीच्या मठिकेस दान ही गोष्ट आजच्या पुष्कळ वाचाळांनीं एकदां शांतपणें वाचण्यासारखी आहे, पण तो प्रस्तुतचा विषय नव्हे.) पुढें शके ९५६ मध्यें शिलाहारांचा मांडलिक चामुंडराज यानें मठिकेला एक तेलाचा घाणा दिला. अशीं दानें ‘आचंद्रार्क’, चंद्रसूर्य असेतोंवर, चालावीं अशी त्या काळच्या दानपत्रांची भाषाच असे. आज ती मठिका नाहीं, घाणा नाहीं, दान देणारा नाहीं आणि घेणाराही नाहीं. तांब्यावर नांव मात्र शाबूत आहे.

आतां अशी कल्पना करा कीं, सरकारनें एक कायदा केला: कोणत्याही पत्र्यावर ज्याचें नांव कोरलेलें सांपडेल तें शेत, तो घाणा, तें घर कोणी मोडूं नये व दुसऱ्या कोणास देऊं नये. थोड्याच वर्षांत या किनाऱ्यावर नवी झोंपडी घालावयास वीतभर जागा उरणार नाहीं. गार्बेज कलेक्टर नेमका याच कायद्यानें चालतो. प्रोग्रामरनें एखादी यादी प्रोग्राम संपेतों टिकणाऱ्या जागीं ठेवली, येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाची नोंद तींत घातली, आणि गिऱ्हाईक निघून गेल्यावर ती नोंद काढली नाहीं, तर यंत्र त्या मेलेल्या नोंदींची इमानेंइतबारें राखण करीत बसतें. पुढें प्रोग्राम दिवसेंदिवस जड होतो, एके दिवशीं भर कामाच्या वेळीं कोसळतो, आणि लिहिणारा म्हणतो, ‘जावाची मेमरी पुरत नाहीं.’ मेमरी पुरत होती. आचंद्रार्क दान ज्यानें दिलें तो मात्र विसरला होता.

भाषा घडविणारांस हें ठाऊक नव्हतें असें नाहीं. जावाच्या १९९८ च्या १.२ आवृत्तींत व पायथनच्या २००१ च्या २.१ आवृत्तींत दुबळ्या संदर्भाची सोय झाली. हा संदर्भ वस्तूचें नांव जाणतो, पण तिला धरून ठेवीत नाहीं. चिंचणीच्या तांब्याचें मठिकेशीं आज जें नातें आहे तेंच याचें. पंचवीस वर्षांपूर्वींची ही सोय आहे, आणि तरीही ‘आपोआप’ या शब्दाची मोहिनी अशी कीं, ती वापरण्याची पाळी आपणांवर येणार आहे हेंच शिकणारास कोणी सांगत नाहीं.

येथवर गोष्ट मेमरीची झाली, व मेमरी हा यंत्राचा स्वतःचा प्रांत तरी आहे. उघडलेल्या फाइली, डेटाबेसच्या जोडण्या, लावलेलीं कुलुपें यांच्या बाबतींत तर ‘आपोआप’ म्हणणें ही शुद्ध फसवणूक आहे. चिंचणी-डहाणू भागांत दागिन्यांचे डाय घडविण्याचा धंदा आहे. पोलादी ठोकळ्यावर नक्षी कोरून त्यावर सोन्याचांदीचा पत्रा उठवितात. समजा, अशा एका कारागिरासाठीं कोणी तरुणानें नक्षींची सूची ठेवणारा प्रोग्राम लिहिला. प्रत्येक नक्षीची फाइल तो उघडतो, वाचतो आणि सोडून देतो. मिटत नाहीं, कारण मिटण्याचें काम यंत्राचें असें तो शिकला आहे. यंत्र झाडावयास येतें केव्हां? मेमरी भरत आली म्हणजे. इकडे एकेका फाइलीच्या संदर्भाला मेमरी लागते चिमूटभर. म्हणून ती भरत नाहीं, आणि यंत्रही येत नाहीं. पुष्कळ लिनक्स यंत्रांवर एका प्रोग्रामला एका वेळीं १०२४ फाइली उघडतां येतील अशी मूळची मर्यादा असते. मेमरी तीन चतुर्थांश मोकळी असतांना ती मर्यादा संपते, आणि गिऱ्हाईक समोर बसलेलें असतांना सूची उघडेनाशी होते. याहून वाईट प्रकार लिहावयाच्या फाइलींचा. लिहिलेला मजकूर कांहीं काळ मेमरींत सांठवून मग एकदम फाइलींत उतरविण्याची पद्धत असते. फाइल मिटलीच नाहीं तर शेवटचा मजकूर कित्येकदां उतरतच नाहीं. कारागिराच्या वहींतल्या शेवटच्या चार ऑर्डरी गेल्या तर त्याची भरपाई कोण करणार?

यावर प्रतिपक्षाचें उत्तर ठरलेलें आहे: वस्तु नाहींशी होण्यापूर्वीं यंत्र तिचा फायनलायझर चालवितें, त्यांत फाइल मिटण्याची आज्ञा लिहून ठेवली म्हणजे झालें. हें उत्तर ज्या जावाच्या जोरावर देतात त्या जावानेंच तें मागें घेतलें आहे. फायनलायझर केव्हां चालेल याची शाश्वती नाहीं. प्रोग्राम आधीं संपला तर चालेलच याचीही नाहीं. कोणत्या वस्तूचा आधीं व कोणत्या वस्तूचा मागून, याचा क्रम नाहीं. इतकेंच नव्हे, तर फायनलायझर चालत असतां त्यानें स्वतःच्याच वस्तूचा संदर्भ दुसरीकडे कोठें ठेवून दिला, तर चितेवर ठेवलेलें प्रेत उठून घरीं परत यावें तसा प्रकार होतो. २०१७ च्या ९ व्या आवृत्तींत जावानें ही सोय न वापरण्याजोगी ठरविली, आणि २०२२ च्या १८ व्या आवृत्तींत ती पुढें काढून टाकली जाणार असें जाहीर केलें. मूळ कर्त्यांनीं जी वाट बंद करावयास घेतली, त्या वाटेचा पत्ता आपले शिक्षक अजून सांगतात.

दुसरें उत्तर पायथनवाल्यांचें. ते म्हणतात, ‘आमच्याकडे संदर्भ मोजले जातात, शेवटचा संदर्भ सुटतांच फाइल तत्काळ मिटते.’ हें नित्याच्या वापरांतील सीपायथनपुरतें बहुतेक वेळां खरें आहे. पण दोन वस्तूंनीं एकमेकींचा संदर्भ धरला म्हणजे ती मोजणी शून्यावर कधींच येत नाहीं; अशीं वेटोळीं शोधण्यासाठीं २००० सालच्या २.० आवृत्तींत निराळी झाडलोट जोडावी लागली, आणि ती आपल्या सवडीनें येते. शिवाय तोच प्रोग्राम पायपायवर चालविला तर मोजणीची पद्धतच तेथें नाहीं, आणि फाइल केव्हां मिटेल तें सांगतां येत नाहीं. ज्या गोष्टीची हमी भाषा देत नाहीं, तिच्यावर दुकानाचा हिशेब सोंपविण्यास शिकविणें याला शिक्षण म्हणावें काय?

आणि हें सर्व टाळण्यास श्रम तरी किती? पायथनमध्यें २००६ पासून ‘विथ’ आहे, जावांत २०११ पासून ‘ट्राय’च्या कंसांतच फाइल उघडण्याची सोय आहे, सी-शार्पमध्यें ‘युझिंग’ पहिल्यापासून आहे. तिन्हींत फाइल जेथें उघडली तेथेंच तिच्या मिटण्याची सीमा लिहिली जाते. मध्यें चूक होऊन काम अर्ध्यांत तुटलें तरीही ती मिटतेच. सबंध फरक एका ओळीचा आहे. फाइल उघडण्याचा धडा ज्या पानावर छापतां, त्याच पानावर ही ओळ छापा, आणि ‘आपोआप’ हा शब्द त्या पानावरून तूर्त काढून टाका.