घरगाडीत जागा मोजावी कशी?

मोटारगाडीतच निजण्याची, स्वयंपाकाची आणि बसण्याउठण्याची सोय केली, की तिला कॅम्परव्हॅन किंवा कॅराव्हॅन म्हणतात. आपण या लेखापुरते तिला घरगाडी म्हणू. परदेशात अशा गाड्या बऱ्याच काळापासून आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, आणि जुनी व्हॅन घेऊन तिची घरगाडी करावी असा बेत आता आपल्याकडच्या घरांतही होऊ लागला आहे. असा बेत निघाला की घरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो : “तीत किती जण झोपतील?”

माझे म्हणणे असे, की हा प्रश्न पहिला विचारणेच चूक आहे. गाडीतली जागा केवळ चौरस मीटरांत मोजून भागत नाही. ती तासांतही मोजावी लागते, आणि कष्टांतही. कसे, ते आपण आकड्यांवरून पाहू.

समजा, चालकाच्या आसनामागे आपल्याला ३ मीटर लांब, १.७ मीटर रुंद आणि १.८ मीटर उंच अशी मोकळी जागा मिळाली. मध्यम आकाराच्या व्हॅनमध्ये साधारण एवढीच मिळते. तिचे क्षेत्रफळ ५.१ चौरस मीटर. दोन माणसांच्या बिछान्याला १.८५ मीटर लांबी आणि १.२ मीटर रुंदी धरली तर क्षेत्रफळ होते २.२२ चौरस मीटर. चार माणसांना असे दोन बिछाने, म्हणजे ४.४४ चौरस मीटर. उरले काय? ०.६६ चौरस मीटर. एवढ्यात एक माणूस कसाबसा उभा राहील. स्वयंपाक, जेवण, सामान, ओले कपडे यांना जागाच नाही.

“मग एकावर एक बिछाने करा,” असे तुम्ही म्हणाल. तेही करून पाहू. खालचा बिछाना जमिनीपासून ०.४ मीटरवर आणि वरचा १.२ मीटरवर ठेवला, तर प्रत्येकाच्या डोक्यावर अंतर राहते ०.६ ते ०.८ मीटर. मोठे माणूस ताठ बसले की बैठकीपासून डोक्यापर्यंत साधारण ०.९ मीटर भरते. म्हणजे निजायचे तेवढे, बसायचे नाही. दिवसभर पाऊस कोसळत असताना अशा गाडीत वेळ कसा घालवणार? आणि कोकणात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, हे विसरून चालणार नाही.

आता काळाचा हिशेब करू. ५.१ चौरस मीटर जागा आपल्याला दिवसाचे २४ तास मिळते. गुणाकार केला तर १२२.४ ‘चौरस मीटर-तास’ झाले. ही आपली रोजची पुंजी. कायम घातलेला दोघांचा बिछाना तीतले २.२२ × २४, म्हणजे ५३.२८ एकके अडवून बसतो. आपण मात्र त्यावर आठच तास निजतो, म्हणजे १७.७६ एकके वापरतो. दोन तृतीयांश जागा बिछान्याच्या नावावर पडून राहते!

हे गणित न मांडताही आपल्याकडच्या माणसांनी ओळखले आहे. लांब पल्ल्याच्या ट्रकची केबिन कधी आतून पाहा. चालकामागची फळी दिवसा बैठक आणि रात्री पलंग. फळीखाली स्टोव्ह, पातेली, तांदळाचा डबा; अंथरुणाची वळकटी कोपऱ्यात. रोहा तालुक्यातल्या कोलाड स्थानकावरून १९९९ साली कोकण रेल्वेची रो-रो सेवा सुरू झाली. तीत भरलेले ट्रक रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढवून गोव्यातल्या वेर्णा स्थानकाकडे नेतात. चालक आणि क्लीनर तो सारा प्रवास आपल्या केबिनमध्येच करतात. मी तर म्हणेन, आपल्या रस्त्यांवरची खरी घरगाडी तीच.

दुसरे उदाहरण रेल्वेच्या शयनयानाचे. बाजूच्या रांगेतली समोरासमोरची दोन आसने पाडली की त्यांचाच खालचा बर्थ होतो. आणि मधला बर्थ? तो रात्री १० ते सकाळी ६ एवढ्याच वेळात उघडावा, असा नियम आहे. हा नियम नीट ध्यानात घ्या. मधल्या बर्थवरून प्रवाशांत जे वाद होतात, ते जागा कमी असते एवढ्यासाठीच होत नाहीत. एकच जागा वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या माणसांची असते, म्हणून ते होतात. जागा काळात वाटली की वेळापत्रक आलेच.

यावरून कोणी म्हणेल, की मग सगळेच बिछाने घडीचे करावेत. येथे मात्र सावध राहिले पाहिजे. वाचलेल्या जागेची किंमत कोठेतरी द्यावीच लागते. घडी करायला सकाळी दहा मिनिटे आणि उलगडायला रात्री दहा मिनिटे धरली, तरी आठवड्याच्या सहलीत २ तास २० मिनिटे त्यातच गेली. शिवाय गुंडाळलेल्या गाद्या ठेवायच्या कोठे? दोघांची १० सेंटीमीटर जाडीची गादी ०.२२ घनमीटर जागा खाते. बसायच्या गाद्यांचाच बिछाना होत असेल तरच ती जागा खरोखर वाचते. उलट, कायमच्या बिछान्याखाली ०.४ मीटर उंचीची पोकळी असते. तिचे घनफळ सुमारे ०.८९ घनमीटर, म्हणजे एका मोठ्या लोखंडी कपाटाएवढे. तेव्हा तो बिछाना दिवसा अगदीच निरुद्योगी नसतो. वर माणूस नसले तरी खाली संसार असतो.

आणखी एक प्रश्न आहे. तो भौतिकीच्या पुस्तकात येत नाही, पण हिशेबात धरलाच पाहिजे. रोजची घडी घालणार कोण? घरात वळकट्या कोण आवरते ते आठवा, म्हणजे उत्तर सापडेल. सहलीला निघालेल्या आईने सकाळी आधी चार बिछाने आवरायचे, मग चहा ठेवायचा, रात्री भांडी झाल्यावर पुन्हा चार बिछाने घालायचे, अशी रचना कागदावर कितीही सुटसुटीत दिसली तरी मी तिला चांगली म्हणणार नाही. त्यात एखाद्याला प्रवासात ताप आला, किंवा आजीला दुपारी पाठ टेकावीशी वाटली, तर सगळ्यांची बैठक मोडावी लागते. म्हणून माझे मत असे, की एक बिछाना कायम घातलेला असावा आणि दुसरा घडीचा असावा. आणि ज्याचे अंथरूण, त्याचीच घडी.

ही वाटणी आपल्या ३ × १.७ मीटरमध्ये बसते का, ते पाहा. मागच्या भागात लांबीच्या बाजूने दोघा मोठ्यांचा कायमचा बिछाना, त्याच्या शेजारी अर्ध्या मीटरची ये-जा करण्याची वाट, खाली सामान. पुढे १.१५ × १.७ मीटरची जागा उरते. तेथे दिवसा बैठक आणि मध्ये घडीचे टेबल. रात्री टेबल खाली उतरवले की त्याच जागेत दीड मीटर उंचीची दोन मुले आडवी निजू शकतात. शेगडी मागच्या दाराशी ठेवावी, म्हणजे दार उघडून स्वयंपाक करता येतो. बंद गाडीत शेगडी किंवा कोळसा कधीही पेटवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि निजलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही. समोरासमोरच्या दोन खिडक्या कपाटांनी झाकू नयेत, याचेही कारण हवाच आहे.

एवढ्याने नकाशा झाला, गाडी नव्हे. घर जागचे हलत नाही, घरगाडीला रस्त्यावर धावायचे असते. पेणहून वडखळ, नागोठणे, सुकेळीची खिंड, कोलाड असे करीत रोह्याला जाताना किती वळणे आणि किती खड्डे लागतात, हे इकडच्या वाचकांना सांगायला नको. म्हणून प्रत्येक वस्तू कोठे मावते एवढेच न पाहता, तिचे वजन कोठे पडते हेही पाहिले पाहिजे.

समजा, गाडीचे वस्तुमान २००० किलोग्रॅम असून गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.८ मीटर उंचीवर आहे. आता १०० किलोग्रॅम सामान टपावर, २.२ मीटर उंचीवर बांधले. नवा गुरुत्वमध्य येतो (२००० × ०.८ + १०० × २.२) ÷ २१००, म्हणजे सुमारे ०.८७ मीटरवर. तेच सामान बिछान्याखाली, ०.५ मीटर उंचीवर ठेवले तर तो येतो ०.७९ मीटरवर. एकाच सामानाने गाडी एकदा डळमळीत झाली आणि एकदा किंचित अधिक स्थिर झाली! गुरुत्वमध्य जितका वर, तितकी गाडी वळणावर लवकर कलंडते. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत फळ्यांवर ओळीने मांडलेल्या मूर्ती तुम्ही पाहिल्या असतील. जागा वाचवण्यासाठी तेथेही उंचीचाच आधार घेतात. पण कारखान्यातल्या फळ्यांना सुकेळीचे वळण घ्यायचे नसते. घरगाडीत वरच्या कप्प्यात उश्या, चादरी, कपडे ठेवावेत. पाणी, धान्य, हत्यारे खाली.

पाण्याचा विचार वेगळा करावा लागतो. ६० लिटर पाणी म्हणजे ६० किलोग्रॅम. ही टाकी मागच्या एक्सलच्याही मागे १ मीटर ठेवली आणि दोन एक्सलमधले अंतर ३ मीटर असले, तर तरफेच्या नियमाने मागच्या एक्सलवरचा भार ६० × ४ ÷ ३, म्हणजे ८० किलोग्रॅमने वाढतो. वीस किलोग्रॅम जास्तीचे कोठून आले? ते पुढच्या एक्सलवरून उचलले गेले! सुकाणू असते पुढच्या चाकांना, आणि त्यांचीच रस्त्यावरची पकड सैल होते. म्हणून टाकी दोन एक्सलच्या मध्ये हवी. तीही एक मोठी असण्यापेक्षा दोन लहान बऱ्या, म्हणजे अर्धवट भरलेले पाणी वळणावर एका बाजूला लोटत नाही.

सामानाच्या प्रत्येक कप्प्याला खिटी हवी. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी अचानक थांबली तर सुटा डबा त्याच वेगाने पुढे जातो. जवळजवळ १० मीटर उंचीवरून पडणाऱ्या डब्याचा तो वेग असतो. असा डबा कोणाच्या डोक्यात बसावा, असे कोणालाच वाटणार नाही. माणसांनाही हाच न्याय लागू. गाडी धावत असताना कोणी बिछान्यावर निजता कामा नये. म्हणून ‘किती जण झोपतील’ याआधी विचारावयाचा प्रश्न असा, की पट्टा बांधून किती जण बसतील? निजायला चौघे आणि पट्ट्याची आसने तीन, ही गाडी चौघांची नव्हेच.

शेवटी कायद्याबद्दल. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतले मूळ तपशील बदलतील असे फेरफार गाडीत परस्पर करता येत नाहीत. एमएच-०६ क्रमांक देणारे परिवहन कार्यालय पेणलाच आहे. सुताराकडे जाण्याआधी तेथे जावे. काही जणांना ही कटकट वाटते. मला वाटत नाही. कारण वर मांडलेली बेरीज-वजाबाकी कोणीतरी त्रयस्थाने तपासावी, एवढाच तिचा अर्थ आहे.

आता तुमच्यासाठी काम. शाळेच्या व्हरांड्यात खडूने ३ × १.७ मीटरचा आयत आखा. बिछाना, वाट, शेगडी, टाकी, कपाट यांचे वर्तमानपत्राचे तुकडे प्रत्यक्ष मापाने कापून त्यात मांडा. चौघांनी आत शिरून तासभर बसा, डबा खा, आडवे व्हा, एकमेकांना ओलांडून बाहेर या. सरांनी किंवा बाईंनी घड्याळ लावून घडी घालायला आणि उलगडायला किती वेळ लागतो ते टिपावे, आणि घडी कोणी घातली तेही टिपावे. कागदाचे तुकडे हलवायला खर्च येत नाही. तोच नकाशा प्लायवुडमध्ये चुकला, तर वर्षानुवर्षे त्यातच निजावे लागते.