लोकशाहीचं प्रॅक्टिकल कधी?

धाकट्या बहिणीनं तिच्या राज्यशास्त्र विभागाचा वर्षअखेरचा अंक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. बारा पानांची पीडीएफ. संविधान दिनाची शपथ, मतदार नोंदणीचं शिबिर, लोकशाहीवरचं चर्चासत्र, पाहुण्यांना शाली. एकच गोष्ट सापडली नाही: विद्यार्थ्यांनी वर्षभरात कुणाला निवडून दिलं?

कुणालाच नाही. 1994च्या विद्यापीठ कायद्यानं थेट निवडणुका गेल्या, मार्कांवर नेमणुका आल्या. माझ्या इंजिनिअरिंगच्या वर्गातही प्रतिनिधी म्हणजे टॉपर. बिचारा अभ्यासात हुशार होता, आमच्यासाठी भांडण्यात नव्हे. 2016च्या कायद्यानं निवडणुका परत आणल्या, पण कागदावर. 2019मध्ये वेळापत्रक जाहीर झालं आणि विधानसभा निवडणुकीचं कारण देऊन पुढे ढकललं गेलं.

हिंसा होईल, म्हणतात. हाणामाऱ्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतही होतात. म्हणून सरपंच दहावीच्या मार्कांवर नेमतो का आपण? 61व्या घटनादुरुस्तीनं अठराव्या वर्षी खासदार निवडायचा हक्क दिला. त्याच वयाच्या मुलीला वसतिगृहाच्या पाण्यासाठी भांडणारा प्रतिनिधी मात्र निवडता येत नाही.

आम्ही प्रॅक्टिकल बुडवलं तर टर्म ग्रँट होत नसे. राज्यशास्त्राला नुसती थिअरी चालते? विभागातल्या सर-मॅडमना हे माझ्यापेक्षा जास्त कळतं. म्हणूनच त्यांचं गप्प बसणं जास्त खटकतं.

पुढच्या अंकात शालींचे फोटो कमी चालतील. मतदानाची टक्केवारी छापा. मतदान झालंच नसेल, तर तेही छापा.