डोंगरातल्या ओढ्यांचीही यादी हवी



पावसाळा तोंडावर आला की आपल्या भागात अलमट्टी धरणाची चर्चा सुरू होते. पातळी ५१९ मीटरवर ठेवायची की ५२४ पर्यंत न्यायची, विसर्ग कधी वाढवायचा, यावर सांगलीपासून बेळगावपर्यंत सगळे हिरिरीने बोलतात. बोलायलाच हवे. पण वेदगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा, मलप्रभा या नद्या ज्या भुदरगड, आजरा, चंदगड आणि खानापूरच्या डोंगरांत भरतात, तिथल्या लहान ओढ्यांविषयी कुणी चकार शब्द काढत नाही. त्यांतले कोणते ओढे एकाएकी दगडमाती घेऊन खाली येऊ शकतात, याची यादी करून ती त्या त्या ग्रामपंचायतीत लावावी, ही माझी मागणी आहे.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी पुणे-बंगळूर महामार्गावर आले आणि वाहतूक ठप्प झाली. मोठ्या नदीचा पूर निदान चाहूल देऊन येतो. आधी जत्राट-भिवशी, अकोळ-सिदनाळ हे बंधारे पाण्याखाली जातात, मग माणसे जनावरे सोडून वर आणतात. ऊस तेवढा जागेवर राहतो आणि पोंग्यात गाळ बसला की कुजतो. ओढा अशी सवड देत नाही. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री भुदरगड तालुक्यातला मेघोलीचा लघुपाटबंधारे तलाव फुटला. एका महिलेचा जीव गेला. ओढ्याकाठची पिके तर गेलीच, पण शेतातली मातीही खरवडून निघाली. ते पाणी शेवटी वेदगंगेतच उतरले. तिथे ढगफुटी झाली नव्हती, बांध फुटला होता, हे मान्य. पण अरुंद ओढ्यातून लोंढा सुटला तर काय होते, ते आपल्याच खोऱ्यात दिसले.

‘आपल्याकडे कुठे हिमालय आहे?’ असे काही जण म्हणतील. दरडीखाली गेलेली माळीण, तळीये आणि इर्शाळवाडी सह्याद्रीतच आहेत. दरडप्रवण उतारांचे नकाशे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने केले आहेत, पण ते प्रामुख्याने कडा कुठे सुटू शकतो ते सांगतात. सुटलेला कडा कुठवर पोहोचेल, हे ओढ्याचा पाणलोट पाहिल्याशिवाय कळत नाही. वायनाडमध्ये ३० जुलै २०२४ रोजी डोंगर वर सुटला आणि राडारोडा नदीच्या पात्रातून काही किलोमीटर खालच्या चूरलमलापर्यंत गेला.

यादीसाठी ओढे निवडण्याची पहिली चाळणी अगदी सोपी आहे. पाणलोटातल्या सर्वांत उंच आणि सर्वांत खालच्या ठिकाणांतला फरक घ्यायचा आणि त्याला क्षेत्रफळाच्या वर्गमुळाने भागायचे. चार चौरस किलोमीटरचा पाणलोट ४०० मीटर उतरत असेल, तर उत्तर ०.२ येते. तेवढीच उंची एका चौरस किलोमीटरात उतरत असेल, तर ०.४. कॅनडातल्या अभ्यासात साधारण ०.३ च्या खाली नुसता पाण्याचा पूर आढळला, त्याच्या वर गाळाचा लोंढा, आणि ०.६ च्या पुढे, ओढा आखूड असेल तर, थेट दगडमातीचा प्रवाह. हे आकडे आपल्या जांभ्याच्या सड्यांना जसेच्या तसे लागू पडतील असे नाही. म्हणून प्रत्यक्ष जागेवर जाऊन ओढ्याच्या तोंडाशी पंख्यासारखा पसरलेला जुन्या गोट्यांचा थर आहे का, हे बघावे लागेल. उंचीची माहिती इस्रोच्या ‘भुवन’वर आहे. बेळगावात विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आहे, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ. बहुतेक ओढे या चाळणीत निर्धोक ठरतील, आणि ठरावेत. उरतील त्यांत ज्यांच्यावर छोटे तलाव आहेत, ते आधी तपासावेत.

एक पथ्य मात्र पाळावे. ही यादी पर्यावरण संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेला जोडू नये. खानापूर-चंदगडचा शेतकरी त्या नावानेच बिचकतो. यादी जमीन अडकवण्यासाठी आहे असा समज झाला, तर ओढा दाखवायलाही कुणी पुढे येणार नाही.

यादी झाली तरी अडचण उरते ती पावसाच्या आकड्यांची. कर्नाटकात ग्रामपंचायतवार स्वयंचलित पर्जन्यमापक बसले, तर महाराष्ट्रात ‘महावेध’ची केंद्रे महसूल मंडळाला एक या हिशेबाने उभी राहिली. शिवाय वेदगंगेचा वरचा पाऊस एका राज्यात मोजला जातो आणि पूर दुसऱ्या राज्यात येतो. भुदरगडचे तासातासाचे आकडे निपाणीच्या तहसील कार्यालयात थेट दिसावेत आणि खालच्या बंधाऱ्यांची पातळी गारगोटीला कळावी. एवढ्यासाठी सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून पडून असलेल्या सीमाप्रश्नाच्या दाव्याचा निकाल लागण्याची वाट बघायचे कारण नाही.

– एक वाचक, निपाणी