विश्लेषण : विद्यार्थ्यांच्या गेममधला समुद्री चाचा नेमका कोण?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावीपासून कोडिंगची ओळख करून देण्याचा उल्लेख आहे. त्यामुळे व्हिडीओ गेम बनवणे हा आता शालेय प्रकल्पाचा विषय होऊ शकतो. त्यात मुलांना भुरळ घालणारा विषय म्हणजे समुद्री चाचे. पण समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या, कारंजा तालुक्यातील धनजसारख्या गावातील विद्यार्थ्यांनी असा गेम केला, तर त्यातून शिकायचे काय?

कॅरिबियनच कशाला?

डोळ्यावर पट्टी, खांद्यावर पोपट, पुरलेला खजिना हे चित्र गोष्टी आणि सिनेमांतून आले. त्यातला समुद्र बहुधा कॅरिबियन असतो. तिकडच्या चाच्यांचा काळ ऐन भरात असताना कोकण किनाऱ्यावर मराठा आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांचा दरारा होता. ईस्ट इंडिया कंपनीचे इंग्रज त्यांना चाचा म्हणत. आज भारतीय नौदलाचा मुंबईतील तळ ‘आयएनएस आंग्रे’ या नावाने ओळखला जातो. माणूस एकच, ओळखी दोन. गेमचा खरा विषय इथे आहे.

भांडण कशाचे होते?

परवान्याचे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकापासून व्यापारी जहाजांवर ‘कार्ताझ’ नावाच्या परवान्याची सक्ती केली. तो नसेल तर जहाज जप्त होई. पुढे आंग्रे यांनीही आपल्या किनाऱ्यावर दस्तक मागायला सुरुवात केली. मागणी तशीच, पण तिला चाचेगिरी ठरवले गेले. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून गेले, पण किल्ला त्यांच्या हाती लागला नाही.

धडा नियमात हवा

जहाज चालवा, मध्येच प्रश्न येईल, बरोबर उत्तराला नाणी मिळतील. अनेक शैक्षणिक गेम असेच असतात. ही रंगवलेली चाचणी परीक्षाच झाली. याउलट १९७१ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात तीन शिकाऊ शिक्षकांनी ‘ऑरेगन ट्रेल’ हा गेम बनवला. त्यात अन्न, बैल, दारूगोळा यांवर किती खर्च करायचा हे खेळाडूच ठरवतो आणि चुकला की प्रवास फसतो. स्थलांतराचा इतिहास खेळण्यातूनच कळतो. मात्र तो गोऱ्या वसाहतवाल्यांच्या नजरेतून सांगितला, मूळनिवासींची बाजू दबली, अशी टीकाही त्यावर झाली.

त्यातून घेण्यासारखे दोन्ही आहे. आपल्या गेममध्ये एकच सफर तीन वेळा खेळता यावी : व्यापारी म्हणून, कंपनीचा कप्तान म्हणून आणि आंग्रे यांचा सरदार म्हणून. परवाना घ्यायचा की लपून निसटायचे? जहाज अडवायचे की सोडायचे? शेवटी त्याच घटनेची नोंद तिन्ही बाजूंनी पडद्यावर यावी.

धनजचा संबंध काय?

जवळचाच आहे. १६७० मध्ये मराठी फौजेने वऱ्हाडातील श्रीमंत बाजारपेठ असलेल्या कारंज्यावर धाड घातली. मुघलांच्या लेखी ती लूट, स्वराज्याच्या लेखी मोहीम. आणि कारंज्याच्या सावकाराच्या लेखी? हा प्रश्न तालुक्यातल्या मुलांनी विचारायला हवा. तो कळला की समुद्र न पाहताही आंग्रे कळतात.

सुरुवात कशी करावी?

आधी कागदावर. पट, सोंगट्या आणि फासे घेऊन वर्गात खेळून पाहावे आणि कंटाळवाणे नियम काढून टाकावेत. मगच संगणकाकडे वळावे. ‘स्क्रॅच’ मोफत आहे आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवायही चालते. एक नकाशा, एक जहाज, एक नियम एवढे पहिल्या प्रकल्पाला पुरेसे आहे.

गुण देताना शिक्षकांनी चित्रांची चकाकी पाहू नये. खेळून उठलेल्या मुलाला एवढेच विचारावे : चाचा कोण होता? उत्तर देण्याआधी तो ‘कोणाच्या मते?’ असे विचारत असेल, तर प्रकल्प जमला.