खुब्याची लचक : चोळू नका, झोपूनही राहू नका

पाय लचकला की आपल्या घरात सर्वांत आधी तेलाची बाटली बाहेर येते. घोटा मुरगळला तरी तेल, पाठीत उसण भरली तरी तेल आणि खुबा दुखावला तरी तेलच. मग गावातल्या चोळणाऱ्याला निरोप जातो. "शिरेवर शीर चढली आहे" असे निदान होते आणि पाय धरून ओढला जातो. एवढ्याने भागले नाही तर पायाळू माणसाला बोलावून कमरेवर पाय लावून घेतात. आठवडा असाच जातो. दुखणे कमी झाले तर श्रेय चोळणाऱ्याला आणि वाढले तर दोष रोग्याच्या नशिबाला!

चोळणाऱ्या मंडळींशी माझे वैर नाही. त्यांच्या हाताला बऱ्याचदा गुण असतो हेही मी मानतो. पण खुब्याच्या बाबतीत पहिल्या दोन-तीन दिवसांत केलेले चोळणे आणि ओढणे हा धोक्याचा खेळ आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

लचक म्हणजे नेमके काय?

मांडीच्या हाडाचा वरचा गोळा कमरेच्या हाडातील वाटीत बसतो, हा आपला खुब्याचा सांधा. गोळा वाटीतून निसटू नये म्हणून भोवती चिवट पट्ट्या असतात. त्यांना अस्थिबंध म्हणतात. खुब्याला बाहेरून असे तीन मुख्य अस्थिबंध आहेत. त्यांपैकी पुढच्या बाजूचा अस्थिबंध शरीरातील सर्वांत बळकट मानला जातो. त्याचा आकार उलट्या ठेवलेल्या बेचक्यासारखा असतो. बोस्टनचे शल्यचिकित्सक हेन्री बिगेलो यांनी १८६९ साली त्याचे महत्त्व सविस्तर मांडले, म्हणून त्यांचेही नाव त्याला दिले जाते. आपण फारसे श्रम न घेता ताठ उभे राहू शकतो ते बरेचसे याच्या आधारावर.

अस्थिबंध प्रमाणाबाहेर ताणला गेला किंवा त्याचे काही धागे तुटले की त्याला लचक म्हणायचे. तिचे तीन प्रकार आहेत. पहिल्यात धागे फक्त ताणले जातात. एक ते तीन आठवड्यांत आराम पडतो. दुसऱ्यात काही धागे तुटतात. चार ते सहा आठवडे, कधी त्याहून अधिक लागतात. तिसऱ्यात पट्टी पूर्ण तुटते. असे सहसा मोठ्या अपघातातच होते आणि तेव्हा अनेकदा सांधाही निखळलेला असतो.

आता विचार करा. जे अस्थिबंध इतके बळकट आहेत, ते मोरीत जरासा पाय घसरल्याने सहज तुटतील का? खुब्याची निव्वळ लचक ही घोट्याच्या लचकेपेक्षा पुष्कळच विरळा आहे. आपण जिला खुब्याची लचक म्हणतो ती बहुधा जांघेतल्या किंवा मांडीच्या स्नायूंची ओढ असते. उपचार बरेचसे सारखेच असल्याने त्यात मोठे बिघडत नाही. बिघडते ते लचक समजून चोळलेले दुखणे भलतेच निघाले तर.

ही लचक नव्हे!

माझ्याकडे आलेल्या एका आजींची हकिकत सांगतो. वय सत्तरीच्या आसपास. मोरीत घसरून कुशीवर पडल्या. दुखत होते, पण भिंतीला धरून चार दिवस चालत होत्या. "चालता येते म्हणजे हाड मोडलेले नाही" असे घरच्यांनी ठरवले. पाचव्या दिवशी चोळणाऱ्याने पाय ओढला आणि त्याच संध्याकाळी आजींचे उभे राहणे बंद झाले. तरीही आणखी दोन आठवडे लेप आणि शेक चालू होता. क्ष-किरण फोटोत मांडीच्या हाडाची मान मोडून सरकलेली दिसली. शेवटी खुब्याचा गोळा बदलावा लागला.

हाडाच्या मानेला गेलेली चीर जागच्या जागी असेल, तर पुष्कळदा दोन-तीन स्क्रू बसवून भागते. ती सरकली की गोळ्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या तुटण्याचा धोका वाढतो आणि शस्त्रक्रिया मोठी होते. म्हणून घरोघरी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

१) साठीपुढचे माणूस पडले आणि जांघ किंवा खुबा दुखू लागला, तर चालता येत असले तरी त्याच दिवशी फोटो काढावा. फोटोत काही दिसले नाही आणि दुखणे कायम राहिले तर पुन्हा डॉक्टरांकडे जावे. बारीक चीर कधी कधी साध्या फोटोत दिसत नाही, ती एमआरआय तपासणीत दिसते.

२) पडल्यावर पाय आखूड व बाहेर वळलेला दिसला, किंवा झोपून सरळ उचलता आला नाही, तर हाड मोडले असे समजूनच रुग्णालय गाठावे.

३) मोटारीच्या अपघातात गुडघा समोर आदळला आणि पाय आखडून आत वळला, तर खुबा निखळलेला असू शकतो. तो शक्यतो सहा तासांच्या आत बसवावा लागतो. उशीर झाल्यास गोळ्याचा रक्तपुरवठा कायमचा बिघडू शकतो. हे काम भूल देऊन रुग्णालयातच व्हायला हवे.

४) लहान मूल लंगडते आहे आणि अंगात ताप आहे, तर सांध्यात पू झाल्याची शक्यता धरून त्याच दिवशी दाखवावे. दहा ते सोळा वर्षांचे मूल, विशेषतः अंगाने स्थूल, लंगडू लागले आणि गुडघा दुखतो म्हणाले, तरी खुबा तपासून घ्यावा. खुब्याचे दुखणे गुडघ्यात जाणवणे ही नेहमीची गोष्ट आहे.

५) तरुण माणसाची जांघ काहीही न लागता महिनोन्‌महिने दुखत असेल, तर ती लचक नव्हे. दारू, स्टिरॉइडची औषधे किंवा सिकलसेलचा आजार यांमुळे गोळ्याचा रक्तपुरवठा मंदावलेला असू शकतो. विदर्भातील व नंदुरबारकडील वाचकांना सिकलसेल नवा नाही.

पहिले दोन-तीन दिवस

या सर्व शंका फिटल्या आणि डॉक्टरांनी साधी लचक असल्याचे सांगितले, की काळजीचे कारण नाही. सुरुवातीला पायावर भार कमी द्यावा. काठी घ्यावी, पण दुखऱ्या बाजूच्या हातात नव्हे. उजवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात धरावी. दहातले आठ जण नेमके उलटे करतात. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा पाय टाकावा. मांडी घालून किंवा उकिडवे बसू नये. शौचासाठी मधे भोक असलेली खुर्ची वापरावी. कुशीवर झोपताना दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी.

दुखणे कमी होण्यासाठी बर्फ जरूर लावावा, मात्र पातळ टॉवेलात गुंडाळून आणि एका वेळी पंधरा-वीस मिनिटेच. बर्फाने ठणका कमी होतो, अस्थिबंध लवकर सांधतो असे नव्हे. १९७८ साली गेब मर्किन या अमेरिकी डॉक्टरांनी विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि अवयव उंच ठेवणे ही चतुःसूत्री सांगितली व ती जगभर पसरली. पुढे त्यांनी स्वतःच लिहिले, की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांमुळे दुखापत भरून यायला उशीर होऊ शकतो.

गरम विटेचा शेक, जोराचे मालिश आणि दारू या गोष्टी पहिले तीन दिवस वर्ज्य. आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात. शेकाने आणि चोळण्याने सूज वाढते. आंबेहळद-रक्त्याबोळाचा लेप हलक्या हाताने लावला तर माझी हरकत नाही. मात्र लेप लावला म्हणून तपासणी पुढे ढकलू नये. वेदनाशामक गोळी साधी आणि थोडे दिवस घ्यावी. "डॉक्टर, एक सुई मारा आणि मोकळे करा" हा आग्रह तर सोडूनच द्यावा. दुखणे दाबून कामाला लागलेला माणूस तीच जागा पुन्हा दुखावून घेतो.

नंतर मात्र हलायला हवे

दुसरी चूक याच्या उलट आहे. "महिनाभर पलंगावरून उठायचे नाही" असे फर्मान घरातली वडीलधारी माणसे काढतात. अस्थिबंधाला पुन्हा बळ येते ते त्याच्यावर बेताचा ताण पडल्याने. पडून राहिल्यास स्नायू वाळतात, सांधा आखडतो आणि पहिल्याच दिवशी पाय पुन्हा लचकतो.

ठणका ओसरला की व्यायाम सुरू करावा. उताणे झोपून टाच अंथरुणावरून घसरवत गुडघा वाकवावा व सरळ करावा. गुडघ्यांमध्ये उशी धरून पाच सेकंद दाबावी, असे दहा वेळा. पुढच्या आठवड्यात कुशीवर झोपून वरचा पाय उचलावा, गुडघे वाकवून कंबर वर उचलावी आणि शेवटी एका पायावर उभे राहण्याचा सराव करावा. व्यायामात किंचित दुखले तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे वाढलेले वाटले तर प्रमाण कमी करावे. हलका मसाज घ्यायचाच असेल तर तो या टप्प्यावर घ्यावा.

खेळाडूंनी एक कसोटी लक्षात ठेवावी. दुखऱ्या पायावर दहा वेळा लंगडी घालता आली, वेगाने धावता आले आणि धावताना झटकन दिशा बदलता आली, तरच मैदानात उतरावे. स्पर्धा जवळ आली ही काही कसोटी नव्हे.

मंडळांनी आणि शाळांनी मनावर घ्यावे

कबड्डीत चढाई करणारा गडी पाय लांब फेकून गुण टिपतो. त्याच वेळी बचावातला कोणी घोटा धरतो, शरीर एकीकडे जाते आणि पाय दुसरीकडे राहतो. जांघ आणि खुबा दुखावण्याला याहून चांगली संधी नाही. तरीही आपल्या गावोगावच्या सामन्यांत पोरे जीपमधून उतरतात आणि थेट मैदानात शिरतात. मंडळे हजारोंची बक्षिसे लावतात, ध्वनिक्षेपक लावतात, पाहुण्यांना नारळ-शाल देतात. खेळाडूंना अंग गरम करायला पंधरा मिनिटे मात्र कोणी देत नाही.

नॉर्वेतील पुरुष फुटबॉल संघांवर झालेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. मांडीच्या आतल्या बाजूच्या स्नायूंचा एकच साधा व्यायाम नियमित करणाऱ्या संघांत जांघेच्या तक्रारींचा धोका ४१ टक्क्यांनी कमी आढळला. त्याला यंत्र लागत नाही की पैसा. एक जोडीदार पुरे. आपल्या शाळांतील क्रीडाशिक्षकांना हे सहज जमेल. तालमीत जोर-बैठका काढून मगच कुस्तीला उभे राहणाऱ्या आपल्या पहिलवानांना हे शहाणपण पूर्वापार ठाऊक आहे.

घरातल्या वृद्धांसाठी प्रतिबंध याहून सोपा आहे. मोरी कोरडी ठेवा, भिंतीला धरायला दांडी बसवा, रात्री वाटेत दिवा ठेवा, झिजलेली चप्पल फेकून द्या. हाडांच्या ठिसूळपणाबद्दल आणि ड जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांना विचारा. दांडीला काही शेकड्यांत खर्च येतो. गोळा बदलायला किती येतो, हे ज्या घरात तो बदलला आहे त्यांना विचारावे.

लचक हा शब्द सोपा आहे, म्हणून तो आपण फार लवकर उच्चारतो. तो तपासणीनंतर उच्चारावा, एवढीच वाचकांना विनंती. तेलाची बाटली कुठे पळून जात नाही.