खाड्! ...आणि गिअर पडला

"गिअर लय हार्ड आहे रे" हे वाक्य हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये दिवसातून दहा वेळा ऐकू येतं. त्यावर आपली ठरलेली उत्तरं दोनच. एक, "तुला चालवता येत नाही." दोन, "इंजिन खोल." माझं स्पष्ट मत आहे की ही दोन्ही उत्तरं आळशीपणाची आहेत. आणि हे मला इथे नाही, गेल्या सुट्टीत बर्मिंगहॅमला मामाकडे कळलं.

मामाकडे एक जुनी स्पोर्ट टूरर बाईक आहे. १३०० सीसी, पावणेतीनशे किलोच्या वर वजन, चेनऐवजी शाफ्ट ड्राइव्ह. कंपनीचं नाव सांगत नाही, उगाच रूममध्ये भांडणं नकोत. सकाळी पहिला गिअर टाकला की असा 'खाड्' आवाज, की समोरची म्हातारी पडदा सरकवून बघणार! तेही एक वेळ चाललं असतं. पण मामाचा डावा घोटा पूर्वी मोडलेला. पाय पुरता उचलला गेला नाही की दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये गिअर लटकायचा. ओव्हरटेक करताना इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी पुढे सरकत नाही आणि मागे ट्रक! मामा गाडी विकायलाच निघाला होता.

मी पडलो थर्ड इयर मेकॅनिकल. लगेच म्हणालो, "मामा, गिअरबॉक्स खोलू या."
मामा म्हणाला, "अरे, खोलायला कुणालाही येतं. आधी बाहेरून काय दिसतं ते बघ."

आता थोडी थिअरी, झोपू नका. बाईकच्या गिअरबॉक्समध्ये दातेरी चाकं कायम एकमेकांत अडकलेलीच असतात. गिअर बदलतो म्हणजे सिलेक्टर ड्रम फिरतो, फोर्क सरकतो आणि गिअरच्या अंगावरचे 'डॉग' शेजारच्या गिअरच्या खाचेत बसतात. गाडी उभी असताना क्लच दाबला तरी प्लेटांमधलं थंड, घट्ट ऑईल आतला शाफ्ट फिरवत राहतं. चाकाकडचा शाफ्ट मात्र थांबलेला. फिरता डॉग थांबलेल्यावर आदळतो, तोच आपला 'खाड्'. म्हणजे आवाज गिअरबॉक्सचा, पण गुन्हेगार बऱ्याचदा क्लच!

मग आम्ही कामाला लागलो. नियम एकच: एका वेळी एकच बदल. आधी लिव्हरची उंची, कारण मामाच्या जाड बुटाला लिव्हरखाली जागाच पुरत नव्हती. मग लिव्हरची पिन काढली. त्यात ग्रीसऐवजी वाळलेला चिखल निघाला. मग लिंकेजचे बॉल जॉइंट बदलले. त्यांच्यातल्या ढिलेपणातच पायाची अर्धी हालचाल वाया जात होती. मग क्लचचं हायड्रॉलिक फ्लुइड. ते चहासारखं काळपट झालेलं. नवीन भरून, हवा काढून ब्लीड केलं, तेव्हा क्लच पुरता सुटायला लागला. शेवटी ऑईल, ओल्या क्लचसाठी असलेल्या जासो एमए प्रतीचं.

प्रत्येक बदलानंतर मामाने दहापैकी मार्क द्यायचे आणि मी काय केलं ते त्याला सांगायचं नाही, असं ठरलं. एक दिवस मी मुद्दाम काहीच केलं नाही, नुसते हात काळे करून बाहेर आलो. मामाने एक मार्क वाढवून दिला! आम्ही दोघं पोट धरून हसलो. पण त्यातून शिकलो ते असं, की 'फील'सुद्धा मोजता येतो. फक्त स्वतःला फसवायचं नाही.

गाडी लोण्यासारखी झाली का? नाही. थंडीत पहिला गिअर अजून वाजतो, पण हळू. गिअर मध्येच लटकणं मात्र बंद झालं आणि मामाने विक्रीची जाहिरात मागे घेतली. गिअरबॉक्सचा एकही बोल्ट न उघडता.

मोठ्या कंपन्या यावर डोकं घालतात ते उगाच नाही. यामाहाने २००६ साली एफजेआर १३०० एएसमधून क्लचचा लिव्हरच काढून टाकला. होंडाने २०१० च्या व्हीएफआर १२०० एफला ड्युअल क्लच दिला. २०१६ च्या एफजेआरला सहावा गिअर आणि बोटांना हलका लागणारा असिस्ट-स्लिपर क्लच मिळाला. म्हणजे चालवणाऱ्याच्या हाता-पायाला काय वाटतं, हा इंजिनिअरिंगचाच प्रश्न आहे.

आणि आपण? गिअर रेशोची गणितं पाठ, पण व्हायव्हात "लिव्हर जड का लागतो?" असं कुणी विचारत नाही. सरांना नम्र विनंती, वर्कशॉपच्या एका टर्मवर्कमध्ये एक जड गिअरची बाईक उभी करा आणि पोरांना म्हणा, "न खोलता सुधारा." जर्नल कॉपी करता येईल, पण पायाला लागणारा लिव्हर काही कॉपी करता येणार नाही.

तोवर दोस्तांनो, पुढच्या वेळी कुणी "गिअर हार्ड आहे" म्हणाला, तर त्याला हसू नका. खाली वाका आणि आधी लिव्हरची पिन बघा.